क्लिपचा दिवा की गळ्यातला?

पावसात लाईट गेली की भाचीचं वाचन थांबतं. "मामा, क्लिपचा दिवा घेऊ की गळ्यात अडकवायचा?"

क्लिपचा स्वस्त. पण त्याचा चिमटा पुठ्ठ्याला धरतो. १८५० पासूनच्या आपल्या कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिर या वाचनालयातलं खिळखिळ्या बांधणीचं पुस्तक असेल, तर मी तो लावू देणार नाही. पातळ पुस्तक तर वजनानं कलंडतंच. गळ्यातल्याचा भार पुस्तकावर येत नाही, दोन्हीकडून उजेड पडतो. मात्र कुशीवर वळलं की उजेड छताला! वाकणारी दांडी दोन्हींत सैल पडते. उजेड पिवळसरच घ्या.

स्वतःची जाड पुस्तकं, झोपून वाचणं: क्लिप. वाचनालयाची, बसून: गळ्यातला. भाची वाचते झोपून, पुस्तकं मात्र वाचनालयाची. तिला गळ्यातलाच, आणि पाठीला एक तक्क्या.