जुन्या गाडीचा रंग: बॉनेट आणि छत नवं, बाकी जुनंच. काही महिन्यांनंतरचा अनुभव

बॉनेट आणि छत नव्याने रंगवून घेतलं, बाकीच्या गाडीला फक्त रबिंग-पॉलिश केलं. त्यानंतर कित्येक महिने गाडी ऊन, पाऊस, धूळ अंगावर घेत रोज रस्त्यावर आहे. रंग मेटॅलिक सिल्व्हर. इंजिन ठणठणीत असल्यामुळे गाडी विकायची नव्हती, आणि पूर्ण गाडी नीट रंगवायची तर खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने फारच जड जात होता. बऱ्याच जणांची अडचण हीच असते, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी रंगाला नेमकं काय झालंय ते ओळखा. कंपनीच्या रंगात पत्र्यालगत गंजरोधक थर, मग प्रायमर, त्यावर बेस कोट म्हणजे प्रत्यक्ष रंग आणि सर्वात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं, त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. तो नुसता निस्तेज झाला असेल तर कंपाऊंड (घासून वरचा बारीक थर काढणारी पेस्ट) आणि बफिंगने चकाकी परत येते. पण चट्ट्याच्या कडेला नख अडकायला लागलं, पापुद्रे सुटायला लागले, की पॉलिश, वॅक्स, सिरॅमिक कोटिंग यातल्या कशावरही पैसे घालू नका. सुटलेला थर कशानेही परत चिकटत नाही. माझ्या गाडीचे दरवाजे पहिल्या प्रकारात होते, बॉनेट आणि छत दुसऱ्या. ऊन सरळ डोक्यावर घेणारे भागच आधी जातात, त्यामुळे बहुतेक जुन्या गाड्यांची वाटणी अशीच निघेल. पॅनलनिहाय निर्णय घ्या, हे माझं ठाम मत आहे.

‘पूर्ण गाडी स्वस्तात मारून देतो’ असंही मला सांगण्यात आलं. त्यात जुन्या रंगावरून वॉटर पेपर फिरवायचा, काचांना टेप लावायची आणि वरून गन मारायची, एवढंच होतं. खालचा क्लिअर सुटत असेल तर वरचा नवा रंग त्याच्यासोबतच निघून येणार. खरे पैसे तयारीचे असतात, आणि स्वस्त कामात नेमकी तीच कापली जाते.

माझ्या बॉनेटवर सुटलेला क्लिअर पक्की कड लागेपर्यंत घासून काढला. कड बोटाला लागणार नाही इतकी उतरती केली. जिथे पत्रा उघडा पडला तिथे इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला घट्ट धरणारा गंजरोधक थर), त्यावर सरफेसर (बारीक ओरखडे भरून सपाटी आणणारा थर), मग ६०० नंबरच्या पेपरने पाणी लावून घासाई. रंगाआधी डिग्रीझरने पुसणं टाळू देऊ नका. पॉलिशमधला सिलिकॉनचा अंश राहिला तर ताज्या रंगात बारीक गोल खळगे पडतात आणि तो भाग परत घासावा लागतो.

काम देताना एकच प्रश्न आवर्जून विचारा: रंग एनसी (नायट्रोसेल्युलोज) की टू-के (दोन घटक मिसळून वापरायचा)? एनसी पेंट नुसता थिनर उडून वाळतो, स्वस्त पडतो, पण लवकर फिका होतो. टू-केमध्ये हार्डनर मिसळलेला असतो आणि रंग रासायनिक क्रियेने घट्ट होतो. नंतर शंका आली तर आडबाजूला, दिसणार नाही अशा जागी थिनरचा बोळा घासा. एनसी असेल तर रंग कापडावर उतरतो. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुफ्फुसाला घातक आहे, त्यामुळे नाकाला रुमाल बांधून हे काम घरी करायला जाऊ नका. बचत करायची तर वायपर, बीडिंग (कडेच्या रबरी पट्ट्या), अँटेना स्वतः काढून द्या. मजुरी वाचते, आणि टेपच्या कडेपाशी रंग उचलला जाण्याची भीतीही राहत नाही. माझ्या वायपरच्या बुडाशी रंग अजून सलग आहे.

शेडची मला सर्वात जास्त धास्ती होती. गाडीवरच्या स्टिकरवरचा कोड मिळाला तरी जुना रंग वर्षानुवर्षं उन्हात बदललेला असतो. शिवाय सिल्व्हरमधले कण गनच्या दाबाप्रमाणे आणि अंतराप्रमाणे वेगवेगळे बसतात. म्हणून आधी एका तुकड्यावर मारून, गाडीला लावून उन्हात बघायला लावलं. बॉनेटचा बेस कोट शेजारच्या फेंडरवर थोडा विरवत नेला आणि क्लिअर मात्र पूर्ण फेंडरवर मारला. छताला बीडिंगच्या खाचेपाशी थांबता आलं, त्यामुळे तिथे जोड दिसायचा प्रश्नच नव्हता. आजही समोरून बघताना बॉनेट कुठे संपतं आणि जुना रंग कुठे सुरू होतो ते मला शोधावं लागतं.

आता टिकण्याबद्दल. बॉनेटवर कुठेही पापुद्रा नाही, फुगवटा नाही. पुढच्या कडेला खडी उडून बारीक टवके गेलेत, ते टच-अपच्या ब्रशने भरले. छतावर संत्र्याच्या सालीसारखा किंचित खडबडीतपणा आहे. तो पेपर मारून घालवता येतो, पण त्यात क्लिअरचीच जाडी कमी होते, म्हणून मी हात लावला नाही. सुरुवातीला महिना-दोन महिने वॅक्स टाळलं, कारण ताज्या रंगातलं थिनर उडून जायला वाव लागतो. पक्ष्याची विष्ठा मात्र दिसली की लगेच धुऊन काढत होतो. दरवाज्यांची पॉलिश काही महिन्यांत थोडी उतरली. क्लिअर मोजकाच असल्यामुळे दरवेळी कंपाऊंड मारणार नाही, नुसत्या वॅक्सवर भागवतोय.

एकच काम फसलं. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खालच्या कडेला गंज होता. कारागिराने त्यावर लांबी (पुट्टी) भरून टच-अप करून दिलं आणि आता तिथे बोटाच्या पेराएवढा फोड आलाय. दाबला तर आत पोकळ लागतं. दरवाज्याच्या बुडाची निचऱ्याची भोकं मातीने बुजली होती. पाणी आत साठत होतं, गंज आतून बाहेर येत होता. वरून कितीही लांबी भरली तरी तो थांबणारा नव्हता. भोकं मी मोकळी केली आहेत. आता लांबी काढून पत्रा उजळेपर्यंत घासायचा, इपॉक्सी मारायचं आणि आतल्या बाजूने कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात मारायचं गंजरोधक मेण) फवारायचं. पत्रा आरपार गेलेला निघाला तर तेवढा तुकडा कापून नवा जोडून घेणार. तुमच्या गाडीला असे फोड असतील तर बॉनेट-छताच्या आधी तिथले पैसे बाजूला काढा.