आकड्याखालची रेघ छापता येत नसेल तर प्रिंटर काय कामाचा?

काळा-पांढरा लेसर, दोन्ही बाजूंनी छापणारा, वाय-फायवाला. बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत आहेत, ती परत लिहीत नाही. तिरोडा तालुक्यातल्या आमच्या घरी हा प्रिंटर एकाच कामासाठी आणला. इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर विमान चालवण्याच्या परवान्याच्या, अभ्यासाला अप्रोच चार्ट (विमानतळावर उतरण्याच्या मार्गाचे नकाशे) छापायचे होते. टॅबलेटवरच्या अॅपची वर्गणी दरवर्षी भरण्यापेक्षा भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं ई-एआयपी, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत ऑनलाइन माहिती, फुकट उघडतं. त्यातले चार्ट कागदावर काढायचे आणि पेन्सिलीनं खुणा करत वाचायचे, हे मला परवडतं आणि डोक्यातही पक्कं बसतं. गावात नेटचा भरवसा नाही, कागदाचा आहे.

खोक्यातल्या टोनरवर पहिले काही महिने तक्रारीला जागा नव्हती. नागपूरच्या रनवे ३२ वर आयएलएसनं, म्हणजे रेडिओ संकेतांच्या मदतीनं, उतरण्याचा चार्ट निघाला तेव्हा मी तो खिडकीशी धरून बराच वेळ पाहत बसले. दिशा सांगणाऱ्या व्हीओआर रेडिओ केंद्राचा षट्कोन आणि त्याच्याभोवतीचा, अंतर सांगणाऱ्या डीएमईचा चौकोन स्पष्ट वेगळे दिसत होते. अडथळ्याची खूण म्हणजे उलटा व्ही आणि त्याच्या पायाशी ठिपका. दिवा असलेल्या अडथळ्याला वर किरणं असतात, तीसुद्धा मोजता येत होती. तिरोड्याच्या वीज केंद्राची उंच धुराडी रोज बघणाऱ्या माणसाला ती किरणं किती महत्त्वाची, हे सांगावं लागत नाही.

मग टोनर संपला. ओरिजिनल कार्ट्रिजची किंमत ऐकून मी रिफिल करून आणलं, आणि तिथून सगळं बिघडलं.

अक्षरं ठीक होती, आकडेही ठीक, पण आकड्याखालच्या रेघा गेल्या. ज्यांनी हे चार्ट वाचले नाहीत त्यांना ही किरकोळ बाब वाटेल, म्हणून नीट सांगते. समजा २५०० लिहिलं आहे. खाली रेघ असेल तर २५०० फूट किंवा त्याहून वर राहायचं, खाली यायचं नाही. वर रेघ असेल तर २५०० किंवा त्याहून खाली. वर-खाली दोन्हीकडे रेघ असेल तर नेमकी तीच उंची. आणि रेघच नसेल तर ती फक्त शिफारस केलेली उंची. म्हणजे केसाएवढी एक रेघ उडाली की ‘याच्या खाली उतरू नका’चं ‘एवढी ठेवली तर बरं’ होतं. ढगात, पावसात, खाली नागझिऱ्यासारखे डोंगर असताना! पान कोरं निघालं असतं तरी परवडलं असतं, निदान वाचणारा फसला नसता.

दुसरं असंच. मिस्ड अप्रोचचा, म्हणजे उतरणं सोडून परत वर जाण्याचा, मार्ग तुटक रेघेनं दाखवतात आणि अप्रोचचा सलग रेघेनं. रिफिलनंतर सलग रेघ मध्येमध्ये तुटायला लागली, म्हणजे दोन्ही मार्ग सारखेच. वेपॉइंट म्हणजे मार्गावरचा ठरलेला बिंदू. फ्लाय-ओव्हर वेपॉइंटच्या चार टोकांच्या ताऱ्याभोवती वर्तुळ असतं, फ्लाय-बायला नसतं. पहिल्यात बिंदू ओलांडल्यावरच वळायचं, दुसऱ्यात आधीच वळण सुरू करायचं. वर्तुळाचा अर्धा भाग गेल्यावर वाचणाऱ्यानं काय समजायचं?

मशीन गोंदियाच्या सर्व्हिस सेंटरला नेलं. त्यांनी टेस्ट पेज काढलं, मोठमोठी अक्षरं, ठसठशीत. तंत्रज्ञ म्हणाला, “ताई, अक्षरं तं बराबर दिसून राहिले नं, मंग कायले तक्रार करता?” मी चार्ट पुढे ठेवला, रेघेवर बोट ठेवलं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि रिफिल केलं म्हणून वॉरंटी गेली असं सांगून मशीन परत दिलं. इथपर्यंतचं तेव्हाच लिहून ठेवलं होतं, पाचपैकी एक ताराही ठरवला होता.

आता मत बदललंय. दुसऱ्या खेपेला मी हट्टच धरला की नवीन ओरिजिनल कार्ट्रिज लावून हाच चार्ट काढून दाखवा. दाखवला. सगळ्या रेघा जागेवर. म्हणजे मशीन चांगलं आहे. या मॉडेलमध्ये टोनर कागदावर उमटवणारा ड्रम कार्ट्रिजच्या आतच असतो. रिफिलवाला पावडर भरतो, झिजलेला ड्रम तसाच राहतो आणि आधी बारीक रेघा जातात. टोनर-सेव्ह मोडही तेच करतो, ठिपके गाळतो. चार्टसाठी तो बंदच ठेवा.

बाकी दोन गोष्टी. घरच्या इन्व्हर्टरवर हा चालत नाही. टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा फ्यूजर तापताना एकदम जास्त करंट ओढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. लाइट असतानाच छापून घ्या. चार्टमधल्या बदलांचं ठरलेलं चक्र, एआयआरएसी, २८ दिवसांचं असतं, बदल गुरुवारी लागू होतात, त्यामुळे नवे चार्ट कधी छापायचे ती तारीख आधीच माहीत असते. आणि ‘फिट टू पेज’ काढून टाका, नाहीतर चार्ट आक्रसतो. अंतर मोजायचं ते चार्टवरच्याच मोजपट्टीनं, आपल्या फूटपट्टीनं नाही.

सध्या घरात दोन कार्ट्रिज आहेत. बाबांची धानाची बिलं, सातबारा, आधारच्या झेरॉक्स सगळं रिफिलवर. चार्ट निघतात ते ओरिजिनलवर. महाग पडतं, पण कार्ट्रिज पुष्कळ टिकतं आणि अॅपच्या वर्गणीपेक्षा अजून तरी स्वस्तच आहे. प्रत्येक चार्ट निघाल्यावर प्रोफाइलमधल्या, म्हणजे उतरणीच्या बाजूनं काढलेल्या चित्रातल्या, उंचीच्या रेघा स्क्रीनवरच्या मूळ चार्टशी पडताळते, मगच फाइलला लावते.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो टेस्ट पेजसाठी. त्यावर बारीक रेघांचा एक चौकोन छापायला कंपनीला काहीच खर्च नाही, आणि तो असता तर माझी गोंदियाची एक खेप वाचली असती.