मडकी, मेथी आणि पुरावा : एका विज्ञान संचाविषयी

विजेशिवाय भाजी ताजी ठेवणारे साधन मुलांनी बनवायचे आणि ते बनवताना दावा, पुरावा व कारणमीमांसा यांची सांगड घालायला शिकायचे, अशी या ‘डिझाइन थिंकिंग’ (वापरणाऱ्याची गरज समजून घेऊन टप्प्याटप्प्याने उपाय घडवण्याची पद्धत) संचाची योजना आहे. मी तो आठवीच्या वर्गात दोन आठवडे वापरला.

समानुभूती, समस्यानिश्चिती, कल्पना, नमुना आणि चाचणी या तिच्या पाच टप्प्यांपैकी पहिला टप्पा मला आधी वेळकाढू वाटला होता. मात्र मंडईतल्या भाजीवाल्या मावशींशी बोलून आलेल्या मुलांनी सांगितले की, त्यांना मेथी गार राहण्यापेक्षा ती सुकू नये याची काळजी अधिक असते. त्यामुळे केवळ तापमान मोजून ‘आमचे साधन चांगले’ म्हणण्याची सोय उरली नाही आणि जुडीचे वजनही पुरावा म्हणून वहीत आले.

एका मडक्यात दुसरे मडके ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरायची, हा नमुना बहुतेक गटांनी निवडला. ‘माती मुळातच थंड असते’ असा एका गटाचा दावा होता. दुसऱ्या गटातील मुलीने तशाच जोडीला वाळूच्या तोंडासकट बाहेरून प्लॅस्टिक गुंडाळले. तीन तासांनी उघड्या मडक्यात २७ अंश होते आणि गुंडाळलेल्यात ३२! एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता शोषते, हे मी त्यानंतरच फळ्यावर लिहिले.

संचाची खरी उणीव कार्यपत्रिकेत आहे. साधन चालले की ‘झाले ना, सर!’ म्हणून मुले थांबतात आणि ‘तुमचा दावा केव्हा चुकीचा ठरेल?’ हा प्रश्न तिच्यात कुठेही येत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या युक्तिवादाच्या आराखड्यात खंडनाला स्वतंत्र स्थान आहे. मी तो रकाना हाताने आखून दिला, तेव्हा कुठे एकाने पावसाळ्यातल्या दमट हवेत हे मडके कितपत चालेल, अशी शंका काढली.

संचातल्या तापमापकांबद्दल तर बोलायलाच नको. एकाच तांब्यातल्या पाण्यात दोन तापमापकांच्या नोंदींत दीड अंशाचा फरक होता, आणि तो मुलांनी पकडला, मी नव्हे. पुढील वर्षी संच पुन्हा घेईन. तापमापक मात्र शाळेचेच वापरीन.