संदेशांची पारख शिकवणारा शनिवारचा वर्ग : शरणपूर रोड, नाशिक

शरणपूर रोडच्या परिसरातील एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) सभागृहात शनिवारी संध्याकाळी खऱ्या आणि खोट्या संदेष्ट्यांविषयीचा, म्हणजे देवाचा संदेश सांगतो असे म्हणणाऱ्यांविषयीचा, अभ्यासवर्ग भरतो. त्याची अलीकडची तुकडी मी पूर्ण केली. शुल्क नाही, टिपणांच्या झेरॉक्सचे तेवढे पैसे घेतात.

अशा वर्गाची गरज होतीच. उपवास-प्रार्थनेच्या सभांत आणि व्हॉट्सॲपवर 'प्रभूने मला तुमच्यासाठी वचन दिले आहे' असे सांगणाऱ्यांना आता तोटा नाही, आणि कोणाचा व्हिसा, कोणाचे स्थळ, कोणाचा फ्लॅट हे सारे त्यांच्या तोंडून ठरू लागले आहे. पत्रिका दाखवणे सोडलेली आपली माणसे संदेष्ट्यापुढे मात्र ज्योतिषाकडे बसावे तशीच बसतात, हे कटू असले तरी खरे आहे. उलट बाजूला, असले सगळेच थोतांड म्हणून हात झटकणारेही आहेत. बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात संदेशांना तुच्छ लेखू नका असे बजावले आणि लगेच सर्व गोष्टींची पारख करायला सांगितले. वर्गाची सारी मांडणी या दोन आज्ञा एकत्र धरूनच केलेली आहे.

सर्वांत उत्तम झाला तो बायबलच्या जुन्या कराराचा भाग. पहिल्या राजे या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात इस्राएलच्या अहाब राजासमोर सुमारे ४०० संदेष्टे एकमुखाने लढाईत विजय सांगतात आणि एकटा मीखाया पराभव सांगतो, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण ते ४०० जणही परमेश्वराचेच नाव घेत होते, आणि मीखायाला बोलवायला गेलेला जासूद 'तूही त्यांच्यासारखेच चांगले बोल' असे त्याला वाटेतच पढवत होता, याकडे शिक्षकांनी लक्ष वेधले. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील २८व्या अध्यायावर तर ते मनसोक्त रेंगाळले. दोन वर्षांत बाबेलच्या सत्तेचे जू मोडेल असे हनन्या या दुसऱ्या संदेष्ट्याने सांगितल्यावर यिर्मया प्रथम 'आमेन, परमेश्वर तसे करो' म्हणतो. हनन्याने यिर्मयाने त्या सत्तेची खूण म्हणून मानेवर घातलेले जू काढून मोडले तरी तो मुकाट्याने निघून जातो, आणि परमेश्वराचे वचन नंतर मिळाल्यावरच परत येऊन त्याला खोटे ठरवतो. खऱ्या संदेष्ट्याजवळही तयार उत्तर नसते, तो थांबतो, हा मुद्दा मी याआधी कोणत्याही प्रवचनात ऐकला नव्हता. चिन्ह खरे ठरले तरी सांगणारा जर अन्य देवांकडे नेत असेल तर त्याचे ऐकू नये, हा अनुवाद या पुस्तकाच्या १३व्या अध्यायातील निकषही त्यांनी नीट उलगडला. कारण आपल्याकडे 'त्याचे खरे ठरले' एवढ्यावरच चौकशी संपते.

एका सत्रात त्यांनी मोबाईलवर आलेला एक व्हॉइस मेसेज ऐकवला. 'या काळात तुझ्यासाठी एक दार उघडणार आहे, पण विश्वास कमी पडू देऊ नकोस', असा त्याचा आशय होता. काय घडले तर हा संदेश खोटा ठरेल, ते प्रत्येकाने कागदावर लिहायचे होते. बहुतेकांचे कागद कोरे राहिले, आणि दार न उघडल्यास दोष ऐकणाऱ्याच्या विश्वासावर टाकण्याची सोय त्याच वाक्यात आधीच करून ठेवलेली आहे, हे मागच्या रांगेतल्या एका आजींनी सर्वांच्या आधी ओळखले.

नापसंतीची जागा पैशाची आहे. 'डिडाखे' या आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीच्या नियमांच्या प्राचीन ग्रीक ग्रंथात, ज्याचे हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडले, आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचे ऐकू नये, मात्र तो गरजूंसाठी मागत असेल तर त्याचा न्याय करू नये, असा स्पष्ट नियम आहे. टिपणात तो अर्ध्या ओळीत उरकला आहे आणि वर्गात त्यावर चर्चाच झाली नाही. फसलेल्या भाकितांची उदाहरणे सगळी अमेरिकेची : २२ ऑक्टोबर १८४४ला ख्रिस्त परत येईल म्हणून वाट पाहणारे विल्यम मिलरचे अनुयायी आणि न्यायाच्या दिवसासाठी २१ मे २०११ ही तारीख देणारा हॅरोल्ड कॅम्पिंग. दूरच्यांना हसणे सोपे असते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोघातिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी त्याची पारख करावी असे म्हटले आहे. तेव्हा पाळकच (मंडळीचे धर्मगुरू) 'प्रभू म्हणतो' असे व्यासपीठावरून बोलले तर ही पारख कोणी आणि कुठे करायची, असे एका तरुणाने विचारले. 'प्रार्थना करा', एवढेच उत्तर मिळाले. पारख हे सबंध मंडळीचे काम आहे असे शिकवणाऱ्या वर्गाने नेमक्या याच प्रश्नाला बगल द्यावी, हे मला पटले नाही.

भाषा स्वच्छ मराठी आहे, वचने पूर्ण वाचून घेतात आणि घाई करत नाहीत. माईक नसल्याने मागे बसणाऱ्यांना कमी ऐकू येते. घरोघरच्या प्रार्थनासभा चालवणाऱ्यांनी आणि मंडळीच्या वडीलजनांनी (कारभार पाहणाऱ्यांनी) हा वर्ग जरूर करावा. पण खोट्या संदेशापायी ज्याची नोकरी किंवा ठरलेले लग्न मोडले आहे, त्याला इथे अभ्यास मिळेल, स्वतंत्रपणे बसून त्याचे ऐकून घेणारे कोणी मिळणार नाही. पुढच्या तुकडीत त्यासाठी निदान अर्धा तास राखून ठेवावा, असे मी संयोजकांना लेखी कळवले आहे.