टू-फोर-डी तणनाशक: उसाला चार स्टार, टमाट्याला शून्य

मोहोळकडं शेती आहे आमची, दोन एकर ऊस आणि बांधाला घरापुरते टमाटे-वांगी. एप्रिलात उसात गाजरगवत एवढं माजलं की खुरपायला बाया मिळेनात, शेवटी सोलापुरातल्या एका कृषी केंद्रातनं टू-फोर-डी आणलं. काम म्हणाल तर एक नंबर, तिसऱ्या दिवशी गाजरगवताचे शेंडे पिळवटून खाली वळले, पंधरवड्यात वाळून गेलं, उसाला काय म्हणजे काय नाही. हरळी आणि लव्हाळा मात्र हिरवेगार, त्यासाठी घेत असाल तर पैसे वाचवा.

आता तक्रार. टू-फोर-डीचे वेगवेगळे प्रकार मिळतात, कुठला पाहिजे ते दुकानदारानं विचारलं नाही, मी बघितलं नाही, फवारून झाल्यावर डबा वाचला तर इथाइल इस्टर ३८ टक्के ईसी (पाण्यात टाकलं की दुधाळ होणारा प्रकार). इस्टर उन्हात वाफ होऊन उडतं आणि आपल्याकडचं एप्रिलचं ऊन काय सांगायचं. वारं नव्हतं, टमाट्याचा पंपपण वेगळा, तरी आठ दिवसांत टमाट्याची नवी पानं चिंधीसारखी बारीक, शिरा एकमेकींना चिकटलेल्या, देठ खाली मुरडलेले. मला वाटलं व्हायरस, दोन फवारण्या फुकट घातल्या.

पुतणी एमएस्सी बॉटनी करते, ती बघून हसलीच. "काका, रोग नाही ओ हा, तुमचंच औषध आहे." म्हणाली, झाडात ऑक्सिन नावाचं वाढीचं हार्मोन असतं, काही जनुकं प्रथिनांनी दाबून ठेवलेली असतात, ऑक्सिन आलं की ती प्रथिनं मोडतात आणि जनुकं चालू होतात. टू-फोर-डी ऑक्सिनचंच सोंग घेतं, पण खरं ऑक्सिन झाड काम झाल्यावर मोडीत काढतं, हे लवकर मोडत नाही, मग जनुकं चालूच राहतात, इथिलीन (झाडातलंच वायूरूप हार्मोन) बनवणारीपण, त्यानंच देठ मुरडतो. ऊस गवताच्या जातीचा, तो याला पचवून टाकतो. फूलगळ थांबवायला आपण एनएए (नॅप्थलीन ॲसिटिक ॲसिड) मारतो ना, तेपण याच भावकीतलं म्हणे, डोस चुकला की तेही असंच अंगावर येतं.

पुढच्या वेळी टू-फोर-डीचाच अमाईन सॉल्ट ५८ टक्के एसएल (पाण्यात विरघळणारा प्रकार) मागून घेणार, ते एवढं उडत नाही. पण बांधापलीकडं द्राक्षबाग असेल, खरड छाटणी (द्राक्षाची उन्हाळ्यातली छाटणी) होऊन नवी फूट निघाली असेल, तर तेपण नको, भावकीत भांडणं लागतील. बाया मिळेपर्यंत थांबा नाहीतर स्वतः खुरपं घ्या.