नाव सांगा हो, नाव! जॅझ-ब्लूजच्या एका कम्युनिटी रेडिओचा काही महिन्यांचा अनुभव

मागच्या आठवड्यात शुक्रवार रात्रीच्या जॅझ कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आर्काइव्हमधून उडालं आणि त्याच्यासोबत मी शोधत असलेला एक बेसवादकही गेला. राग ताजा आहे तोवर लिहून टाकते.

स्टेशनचं नाव देणार नाही. इतके महिने फुकट ऐकायचं आणि वर नाव घेऊन नावं ठेवायची, हे काही बरं दिसत नाही. अमेरिकेतलं कम्युनिटी स्टेशन आहे. दिवसभर जॅझ आणि ब्लूज, निवेदक जवळपास सगळे स्वयंसेवक, घरच्या रेकॉर्डी बगलेत मारून येणारे. तिथे एफएमवरचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झचा पट्टा ना-नफा स्टेशनांसाठी राखीव असतो, त्यातलंच हे एक. आपण ऐकायचं ते अर्थात इंटरनेटवर.

जाहिराती नाहीत ही मोठी चैन. प्रायोजकांची नावं येतात, पण नियम असा की किंमत सांगायची नाही, 'आजच या' म्हणायचं नाही, 'सर्वोत्तम' वगैरे विशेषणं लावायची नाहीत. त्यामुळे एखादा पियानो दुरुस्तीवाला 'आम्ही आहोत, अमुक रस्त्यावर आहोत' एवढंच सांगून गप्प बसतो. असल्या जाहिराती मी दिवसभर ऐकीन. गंमत म्हणजे ब्लूजला रेडिओवर पाय रोवायला मदत केली ती जाहिरातीनेच. १९४१ साली आर्कान्सामधल्या हेलेना गावी केएफएफए स्टेशनवर सनी बॉय विल्यमसन दुपारी हार्मोनिका वाजवायचा, तो पिठाचा खप वाढावा म्हणून.

वेळापत्रक थोडक्यात: सोमवार ते शुक्रवार सकाळी स्विंग आणि बीबॉप (दोन्ही जॅझचेच प्रकार), दुपारी गायिका, संध्याकाळी ब्लूज. शुक्रवारी रात्री हार्ड बॉप (हाही जॅझच), शनिवारी लॅटिन जॅझ, रविवारी सकाळी गॉस्पेल आणि रात्री ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या. दुपारचा भाग मी सरळ सोडते, मखमली आवाज मला दहा मिनिटांच्या वर सोसत नाहीत. बाकी आठवडा अतिशय विचारपूर्वक लावलेला आहे, याबद्दल दुमत नाही.

आता मूळ दुखणं. हे लोक गाण्याचं नाव आधी सांगत नाहीत. एकामागून एक पाच-सहा तुकडे वाजवतात, पाऊण तास जातो, मग निवेदक घसा खाकरून हिशेब देतो: आत्ता हे ऐकलंत, त्याआधी ते, त्याच्याही आधी ते. तोही उलट्या क्रमाने! आकाशवाणी ऐकत वाढलेल्या कानांना हे फार जड जातं. आधी कोण आहे ते कळू दे, मग वाजव की बाबा काय वाजवायचं ते.

त्या शुक्रवारी असंच झालं. क्विंटेटची, म्हणजे पाच वादकांच्या बँडची, रेकॉर्ड होती. ट्रम्पेटचा सोलो झाला, टेनर सॅक्सोफोनचा झाला, पियानोचा झाला आणि मग बेसवाल्याने बोटं बाजूला ठेवून गज उचलला. डबल बेसवर गजाने घेतलेला सोलो, खर्जातला, किंचित खरखरीत, दोनच कोरस, म्हणजे गाण्याची दोनच आवर्तनं. हातातलं काम थांबलं. मन म्हणत होतं पॉल चेंबर्स, कारण पन्नासच्या दशकात असा गज चालवायची त्याला भारी हौस. गजासोबत वरच्या सप्तकात गुणगुणणारा स्लॅम स्टुअर्ट नक्की नव्हता, कारण गुणगुण नव्हती. शेवटी निवेदकाने सहा नावं एका दमात म्हणून टाकली, तीही फक्त बँडच्या म्होरक्यांची. बेसवाल्याला कोण विचारतो! वेबसाइटवरच्या प्लेलिस्टमध्ये त्या तासासमोर कोरी जागा, कारण ती यादी निवेदकानेच हाताने भरायची असते. प्लेअरवर जी ओळ सरकते ती फक्त कार्यक्रमाच्या नावाची. म्हटलं, सवडीने आर्काइव्हमधून पुन्हा ऐकू. सवड मिळेपर्यंत रेकॉर्डिंग गायब.

कुणी म्हणेल, नावाचं एवढं काय घेऊन बसलीस, संगीत ऐक. तर ऐका. ब्लूजमध्ये सनी बॉय विल्यमसन दोन आहेत. पहिला जॉन ली, तो १९४८ मध्ये गेला. दुसरा राइस मिलर, वर सांगितलेला पीठवाला. पहिला हयात असतानाच याने त्याचं नाव बिनदिक्कत लावलं आणि १९६५ मध्ये मरेपर्यंत तेच वापरलं. दोघेही हार्मोनिकावाले. निवेदक नुसतं 'सनी बॉय' म्हणून पुढे सरकला की नवख्या माणसाने कुणाची रेकॉर्ड शोधायची?

तर, रेकॉर्डिंग उडाल्यावर तणतणत मेल टाकली. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं. एका निवेदकाने स्वतः लिहिलेलं, चांगलं लांबलचक. अमेरिकेत इंटरनेटवर रेडिओ चालवायचा जो सरसकट परवाना मिळतो त्याच्या अटी १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यात आहेत. कोणत्या रेकॉर्डी लागणार याची यादी आधी जाहीर करायची नाही. तीन तासांत एका अल्बममधली जास्तीत जास्त तीन गाणी, त्यातली लागोपाठ दोनच. एका कलाकाराची चार, लागोपाठ तीन. आणि कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग दोन आठवड्यांच्या वर ठेवायचं नाही. श्रोत्याने टपून बसून फुकटात संग्रह करू नये हा उद्देश. माझ्यासारख्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच केला असावा हा कायदा. असो, आर्काइव्हबद्दलचा राग मी तिथल्या तिथे मागे घेतला.

नावाबद्दलचा नाही! कारण त्याच कायद्यात असंही आहे की गाणं वाजत असताना (आधी नव्हे) गाणं, अल्बम आणि मुख्य कलाकार यांची नावं श्रोत्याला पडद्यावर दिसतील अशी माहिती पाठवायची. मी ते कलम वाचून काढलं आणि त्यांनाच परत पाठवलं. त्यावर त्यांचं म्हणणं: टर्नटेबलवर घरून आणलेली तबकडी लावली की ती कोणती हे संगणकाला कसं कळणार? एका हाताने सुई ठेवायची, दुसऱ्याने टाइप करायचं, आणि स्टुडिओत माणूस एकच. हे पटलं. म्हणजे अर्धंच. वीस मिनिटांचा तुकडा वाजत असताना दोन्ही हात रिकामेच असतात की.

मात्र त्या तीन-चारच्या हिशेबाने एक भलं केलंय, ते मेल वाचल्यावर माझ्या लक्षात आलं. मे महिन्यात रॉबर्ट जॉन्सनच्या वाढदिवसानिमित्त ब्लूजचा खास कार्यक्रम झाला होता. या माणसाने १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासमध्ये एकूण २९ गाणी रेकॉर्ड केली आणि १९३८ मध्ये तो २७ व्या वर्षी गेला. सगळी गाणी दीड तासात ऐकून होतात. कार्यक्रमात त्याची चारच लागली तेव्हा मी चडफडले होते. उरलेला वेळ मागच्या-पुढच्या मंडळींना दिला होता. ज्याचं ऐकून तो शिकला तो सन हाउस. १९४३ मध्ये मिसिसिपी सोडून शिकागोला गेलेला आणि तिथे गिटार विजेवर चढवणारा मडी वॉटर्स. मग एल्मोर जेम्सची १९५१ ची गाजलेली स्लाइड गिटार, आणि त्या रेकॉर्डवर हार्मोनिका कुणाची? राइस मिलरची. हे निवेदकाने सांगितलं. आधी सांगितलं! मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या. सलग २९ गाणी लावली असती तर हा धागा हाती लागलाच नसता.

नावांच्या बाबतीत सगळ्यात सज्जन कार्यक्रम रविवार रात्रीचा. ७८ ची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजते, बाई प्रत्येक वेळी उठून ती बदलतात, तेवढ्यात गायक, साथीदार, साल, कंपनी सगळं सांगतात. १९४८ मध्ये एलपी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावायला लागली आणि निवेदकांच्या जिभा जड झाल्या, असा माझा सिद्धांत आहे.

स्ट्रीमबद्दल, काटकसरी लोकांसाठी: १२८ केबीपीएसचा स्ट्रीम तासाला साधारण ५८ एमबी खातो, ६४ चा त्याच्या निम्मे. रविवारच्या जुन्या मोनो रेकॉर्डींना ६४ भरपूर झाला, त्यात जे नाहीच ते मोठ्या स्ट्रीममधून कुठून येणार? शुक्रवारी मात्र कंजूषपणा करू नका. कमी बिटरेटवर सगळ्यात आधी मरते ती राइड सिंबल, म्हणजे ड्रमवाला ताल धरतो ती मोठी झांज. काठीचा टिंग ऐकू येत नाही, नुसतं फसफसतं. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं तासाने पुढे-मागे होतात तेव्हा सगळं वेळापत्रक सरकतं, तेही ध्यानात ठेवा.

वर्गणीचा आठवडा वर्षातून दोनदा येतो आणि तो अंत पाहतो. दोन गाणी, मग दहा मिनिटं आर्जव. पण गंमत बघा, पैसे मागताना यांना एकेका वादकाचं नाव बरोबर आठवतं. वर्गणी भरली की कापडी पिशवी देतात. परदेशी टपालाचा खर्च पिशवीपेक्षा जास्त, म्हणून 'पिशवी नको' वर खूण करून महिना पाच डॉलर सुरू केलेत. प्लेअरवर गाण्याची ओळ दिसायला लागली की दहा करेन, तसं त्यांना कळवलंही आहे.