क्यूआर, एनएफसी, आरएफआयडी, बीकन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मोजमापाची यंत्रं, हत्यारं, केबली आणि साठ्याची खोकी. यांतला प्रत्येक नग ओळखता यावा म्हणून चारही प्रकारचे टॅग आठ महिने वापरून झाले. सर्वांत कमी कटकट क्यूआरची, पण तो नीट छापला तरच.

पहिली चूक छपाईतली. डायरेक्ट थर्मल लेबल (शाईविना, नुसत्या उष्णतेने छापलेलं) उन्हात किंवा गरम यंत्रावर काळवंडतं नाहीतर फिकं पडतं. पॉलिएस्टर लेबल आणि रेझिन रिबन (प्रिंटरची टिकाऊ शाईपट्टी) घ्या. कागद आणि वॅक्स रिबन फक्त खोक्यांपुरती ठीक. दुसरी चूक कोडमध्ये फार मजकूर कोंबण्याची. वेब-पत्ता पूर्ण कॅपिटल अक्षरांत आणि ३८ अक्षरांच्या आत ठेवला, तर एम पातळीच्या दुरुस्तीसह (म्हणजे थोडा भाग खराब झाला तरी वाचता येईल असा) कोड २५ × २५ चौकटींत मावतो. त्यात प्रश्नचिन्ह किंवा बरोबरचं चिन्ह आलं की कमी चौकटींत मावण्याची ही सवलत गेली. चौकट ०.६ मिमीची धरली तर चारही बाजूंच्या ४-४ चौकटींच्या कोऱ्या जागेसकट लेबल २० मिमीचं होतं. कोरी जागा कापून लेबल लहान करण्याचा मोह होतोच. मग फोन नुसता चाचपडत बसतो.

एनएफसीचा, म्हणजे फोन टेकवून वाचायच्या टॅगचा, अनुभव संमिश्र. अंधारात, तेलकट किंवा धूळ बसलेल्या पृष्ठभागावर तो क्यूआरपेक्षा सरस. एनटॅग २१३ या एनएफसी चिपमधले १४४ बाइट एका पत्त्याला पुरून उरतात, जास्त जागेचा महागडा एनटॅग २१६ कशाला? मात्र साधा टॅग धातूवर चिकटवला की मेलाच समजा: धातूत उलटे प्रवाह फिरतात आणि अँटेनाची १३.५६ मेगाहर्ट्झची जुळणी बिघडते. फेराइट या चुंबकीय पदार्थाचा थर असलेला ऑन-मेटल टॅग चालतो, पण जाड असल्याने गोल मुठीवर त्याच्या कडा सुटतात. टॅग लॉक करायचा तो पत्ता फोनवर उघडून पाहिल्यावरच, कारण ते लॉक परत उघडत नाही. न करावं, तर कुणीही फोनने नवा पत्ता लिहून जाईल. बनावट माल ओळखायचा असेल तर यातलं काहीच पुरेसं नाही. त्यासाठी दर स्पर्शाला नवा कोड देणारी एनटॅग ४२४ डीएनएसारखी चिप लागते.

यूएचएफ आरएफआयडीची, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचायच्या टॅगची, अडचण उलटी: तो नको तेवढं वाचतो. शेजारच्या फळीवरची खोकीही मोजणीत येतात, म्हणून आधी रीडरची पॉवर उतरवा. पाण्याने भरलेल्या बाटल्यांमागचे टॅग मात्र हमखास सुटतात. रीडर वेगळा घ्यावा लागतो, तेव्हा शेकडो नग एकदम मोजायचे नसतील तर या वाटेला जाऊ नये.

ब्लूटूथ बीकन, म्हणजे सतत सिग्नल सोडणारा बॅटरीवरचा टॅग, 'इथंच कुठंतरी आहे' एवढंच सांगतो. मध्ये माणूस उभा राहिला तरी सिग्नल पडतो. शिवाय बटन सेल बदलण्याची वही ठेवावी लागते, ती वेगळीच.

टॅग कुठलाही असो, त्यात फक्त नगाचा क्रमांक आणि स्वतःच्या ताब्यातल्या डोमेनचा पत्ता ठेवा. बाकी माहिती सर्व्हरवर. तोच क्रमांक लेबलवर ठळक छापा, आणि त्यात शून्य-ओ किंवा एक-आय अशा जोड्या टाळा. कॅमेरा हरला की हा क्रमांक फोन करून समोरच्याला वाचूनच दाखवावा लागतो.